अण्णांचा डावा हात

बसूला पहिल्यांदा आणलं तेव्हा त्याची उलटी समोरच्या भिंतीपर्यंत गेली होती. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा ती नर्सच्या अंगावर पडली. या तिसऱ्या वेळी डॉ. ऋजुता हसबनीस त्याला तपासायला वाकली आणि फुटलेलं दूध थेट तिच्या चष्म्यावर आलं. तीन महिन्यांचं एवढंसं पोर, पण जोर असा की मोठ्या माणसानं लाजावं. उलटी झाली रे झाली की पुन्हा भुकेनं तोंड उघडून आईच्या पदराकडे वळायचं.

ऋजुता चष्मा पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसत राहिली, कारण चष्मा लावला की बसूच्या आईकडे बघावं लागणार होतं.

महानंदा बिराजदार. जत तालुक्यातल्या खेड्यातून सांगलीच्या या कृष्णातीर बाल रुग्णालयात तिसऱ्यांदा आलेली, विशी नुकतीच ओलांडलेली पोरगी. ती काही विचारतच नव्हती. विचारायचं काम तिची सासू गौराक्का करत होती.

"डाक्तरीणबाई, दोनदा फाडलं ह्याला. दोन्ही टायमाला म्हणालात, आता बरा हुतोय. कुठं बरा हाय? मी पैल्यापासनं सांगालेय, हिच्या दुधातच खोट हाय. डब्याचं चालू करा आन् हिला धाडते म्हायेरी."

"दुधाचा काही संबंध नाही, आक्का."

हे वाक्य ऋजुतानं मागच्या दोन्ही वेळी म्हटलं होतं. आता तिचं तिलाच ते पोकळ वाटलं.

संबंध खरंच नसतो. जठर संपून आतडं सुरू होतं तिथं स्नायूचं एक कडं असतं. ते सैल पडलं की अन्न पुढं सरकतं, आवळलं की थांबतं. काही तान्ह्या बाळांमध्ये, जन्मानंतर तीन-चार आठवड्यांनी, हे कडं जाड व्हायला लागतं. का, ते अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. जाड होत होत त्याची बोराएवढी गाठ होते आणि वाट बंद. पोर दूध ओढतं, जठर ते पुढं ढकलायला जातं, दार उघडत नाही, मग सगळं आल्या वाटेनं बाहेर. दुधाबरोबर पोटातलं आम्ल जातं, क्षार जातात आणि रक्ताची घडी विसकटते. म्हणून आधी सलाइन लावून क्षार जागेवर आणायचे आणि मगच सुरी हातात घ्यायची. घाई केली तर भुलीतून बाहेर येताना पोर श्वास घ्यायचंच विसरतं.

शस्त्रक्रिया शंभराहून जास्त वर्षं जुनी आणि ऐकायला सोपी. गाठीवर लांबीच्या दिशेनं एक चीर द्यायची आणि जाड स्नायू दोन्हीकडे फाकवायचा. आतलं नाजूक अस्तर मात्र शाबूत राहिलं पाहिजे. भुईमुगाच्या शेंगेचं टरफल फोडायचं, पण दाण्याच्या लाल सालीला नख लागू द्यायचं नाही, तसला हा प्रकार. चीर कमी पडली तर दार पुन्हा आवळतं. जास्त झाली तर अस्तर फाटतं, आणि पोराच्या जिवावर बेततं.

ही चीर नेमकी किती, हे त्या सगळ्या भागात ज्याला सर्वांत चांगलं कळायचं तो माणूस म्हणजे ऋजुताचे वडील, डॉ. श्रीनिवास हसबनीस. घरात अण्णा, बाहेर सर. त्यांच्या उजव्या हाताला कंपवाताची पहिली थरथर लागली, सुरी धरली की थांबणारी, पण सुरी ठेवली की पुन्हा सुरू होणारी, तेव्हाच पुण्याच्या एका कंपनीनं तो हात कायमचा टिपून ठेवायचं ठरवलं. त्यांनी अण्णांना खास हातमोजा दिला. त्यात केसाहून बारीक तारा होत्या. बोटांचा दाब, मनगटाचा कोन, सुरी कुठं सरकली, कुठं अडखळली, सगळं त्या तारा टिपून घेत. दोन वर्षं अण्णा तो मोजा घालून शस्त्रक्रिया करत होते. त्यावरून एक यंत्र शिकलं. पोटावरच्या तीन बारीक भोकांतून आत जायचं, एका हातानं गाठ पकडायची आणि दुसऱ्या हातानं अण्णांची चीर द्यायची, एवढंच त्याचं काम.

त्याचं नाव ठेवलं 'हस्तक'. नाव ठेवणाऱ्या समितीतल्या एखाद्यानं शब्दकोश उघडायला हरकत नव्हती, पण तेव्हा सगळे खुशीत होते. रुग्णालयातले लोक त्याला 'छोटे हसबनीस' म्हणायचे. आता राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत हस्तक बसला होता. जिथं लहान मुलांचा सर्जन कधी फिरकला नसता तिथं अण्णांचा हात पोचला होता, आणि हजारो पोरं त्यानं वाचवली होती, हेही खरं. चाळिशीच्या आतल्या एकाही सर्जननं ही गाठ स्वतःच्या बोटांनी कापलेली नव्हती. चाळिशी ओलांडलेल्या ऋजुतानं कापली होती, अण्णांच्या शेजारी उभं राहून, शिकत असताना. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

फक्त एक गोष्ट खटकत होती. शंभरातली दोन-तीन पोरं परत येत होती.

बसूला सलाइन लावलं. त्याच्या टाचेवर क्षार मोजणारी चकती चिकटवली. चकतीवरचा आकडा लाल होता. तो हिरवा व्हायला दोन दिवस तरी लागणार, आणि तेवढाच वेळ ऋजुताच्या हातात होता. ती आपल्या खोलीत येऊन बसली, उठली, पुन्हा बसली, आणि शेवटी तिनं कंपनीच्या पाटणकरांना फोन लावला.

"मॅडम, यंत्रात दोष नाही," पाटणकर म्हणाले. ते नेहमी तिथूनच सुरुवात करत. "दोन्ही वेळची चीर मी स्वतः तपासली. सरांच्या सरासरीला तंतोतंत धरून आहे. बाळाचा स्नायूच हट्टी दिसतोय. पुन्हा चालवा."

"दोनदा जिथं थांबला तिथंच तिसऱ्यांदा थांबणार तो. त्यानं काय साधणार?"

"मग चीर वाढवायची का? किती वाढवू? कुठल्या टोकाला? अंदाजानं वाढवली आणि अस्तर फाटलं, तर सही तुमची असेल, मॅडम."

माणूस चीड आणणारा होता, पण बोलत होता ते खोटं नव्हतं. ऋजुतानं फोन ठेवला आणि दुपारभर ती वॉर्डातून खोलीत आणि खोलीतून वॉर्डात येरझारा घालत राहिली. दर खेपेला महानंदा उठून उभी राहायची आणि दर खेपेला ऋजुता तिला हातानंच बस म्हणायची.

ज्याला विचारायला हवं तो माणूस घरीच होता. त्यालाच विचारायची तिची छाती होत नव्हती.

अण्णांचं सगळं एकेक करून सुटलं होतं. आधी सुरी, मग गाडी, मग सही. उजवा हात आता कायम मांडीवरच्या पंच्याखाली असायचा. पण रोज चहाच्या वेळी ते नागपूर, नांदेड, धुळे असं कुठलंतरी गाव काढायचे आणि म्हणायचे, "तिथंही आज एखादं सुटलं असेल." त्या वाक्यावर त्यांचा दिवस जायचा. पोरं परत येतात हे ऋजुतानं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी ती चप्पलसुद्धा न काढता व्हरांड्यात त्यांच्यासमोर बसली.

"अण्णा, हस्तकनं केलेली काही पोरं परत येतायत. शंभरात दोन-तीन. एक तर आज तिसऱ्यांदा आलंय."

अण्णांनी डाव्या हातातला कप बशीत ठेवला. "माझी कधी परत आली नाहीत."

"माहितेय मला."

"मग मशीन बिघडलंय."

"मशीन तुमच्यासारखंच चालतंय. अगदी तुमच्यासारखं."

पंच्याखालचा हात जोरात थरथरायला लागला. रागावले की तो तसाच थरथरायचा.

"म्हणजे माझा हात चुकतो, असं म्हणायचंय तुला."

"मला तसं..."

"चाळीस वर्षं एका पोराचं अस्तर फाटू दिलं नाही मी. आणि तू, माझ्याकडं शिकलेली, मला येऊन सांगतेस?"

ते उठले. उठताना खुर्चीचा हात त्यांना दोनदा धरावा लागला. आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं ते जेवायलाही उघडलं नाही. ऋजुताला वाटलं, आपण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात मारली. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

सकाळी ती निघायच्या तयारीत असताना ते बाहेर आले. दाढी केलेली नव्हती. "दाखव," एवढंच म्हणाले.

तिनं जेवणाच्या टेबलावर पडदा उघडला आणि बसूच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचं चित्रण लावलं. हस्तकच्या पकडीनं आत जाऊन गाठ धरली. सुरी आली. एकच चीर, एका दमात, शेवटाला मनगट किंचित वळवून. मग स्नायू फाकला आणि आतलं अस्तर फुगून वर आलं.

"हे बघ, ते वळण," अण्णा पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आले होते. "हे माझंच आहे गं. हुबेहूब."

पडद्यावरची सुरी मागं गेली. पकड सुटली. चित्रण संपलं.

"अगं, पुढचं?"

"झालं, अण्णा. एवढंच असतं."

"एवढ्यात? मी एवढ्यात कधी बाहेर आलो नाही."

ऋजुता हलली नाही. "मग तुम्ही काय करता?"

"काही नाही. चीर देतो. मग बघतो."

"कशानं?"

"कशानं म्हणजे काय? बघतो. कळतं. पुरेशी नाही असं वाटलं तर जरा पुढं जातो." ते वैतागले. "प्रत्येक गोष्ट शब्दांत सांगता येते होय?"

तिनं तिथूनच पाटणकरांना गाठलं. "कच्च्या नोंदींमध्ये मुख्य चीर झाल्यावर काय दिसतं?"

"विशेष काही नाही," पाटणकर म्हणाले. "सर थोडे थांबायचे. मग कधी दोन बारीक टोचे, कधी चार, कधी एकही नाही. कधी एका टोकाला, कधी दुसऱ्या. काही नियमच सापडला नाही, म्हणून सरासरी काढताना ते वगळलं. दमत असतील सर."

"दमत असतील!" अण्णा ओरडले.

ऋजुतानं फोन बंद केला आणि चित्रण पुन्हा लावलं. या वेळी ती पडद्याकडे बघत नव्हती, अण्णांकडे बघत होती. सुरी आली, चीर झाली, आणि टेबलावर ठेवलेला त्यांचा डावा हात आपसूक हलायला लागला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकली आणि एक पुढं, एक मागं अशी घासू लागली. अगदी हळू, कापडाचा पोत बघावा तशी.

"अण्णा, तुमचा डावा हात काय करतोय?"

अण्णांनी हाताकडे पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा होता. "काही नाही. तो नुसता धरतो."

पण तो नुसता धरत नव्हता. अण्णा गाठ पोटाबाहेर काढून डाव्या चिमटीत घेत. चीर झाली की अंगठा एका काठावर आणि तर्जनी दुसऱ्या काठावर आपोआप जाऊन बसत. दोन्ही काठ एकमेकांवरून मोकळे सरकले तर काम झालं. एकत्रच हलले तर खाली कुठंतरी चार तंतू अजून जोडलेले आहेत, आणि नेमके कुठं, तेही त्या बोटांना कळे. मग उजवा हात पुन्हा जाई. अण्णा पहिली चीर आखूडच देत आणि उरलेलं डाव्या हाताला विचारून करत. हे ते कुणाला शिकवत नव्हते, कारण आपण हे करतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

आणि डाव्या हाताला मोजा नव्हता. कंपनीनं दिला होता, पण पहिल्याच दिवशी अण्णांनी तो काढून टाकला होता. रबराच्या पातळ मोज्याची त्यांना सवय होती, तारांच्या जाड मोज्याची नव्हती. "ह्यात मला काही कळत नाही," असं ते म्हणाले होते. ऋजुता तिथं होती. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, की बरोबर आहे, डावा हात काय, नुसता धरतो, तिथं एक पकड बसवू. नुसतं धरणाऱ्या हाताला कळायचं होतं तरी काय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

बहुतेक पोरांना ती पहिली आखूड चीरच पुरत होती. ज्यांची गाठ जास्त लांब, ती परत येत होती.

अण्णा बराच वेळ आपल्या डाव्या हाताची बोटं उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, "क्षार कुठवर आलेत त्या पोराचे?"

"उद्या सकाळपर्यंत जागेवर येतील."

"मग उद्या. तुझा उजवा, माझा डावा."

रुग्णालयाचे प्रमुख डॉ. डोईफोडे हे ऐकून खुर्चीतल्या खुर्चीत मागं सरकले. "हातानं? आणि कंपवात असलेला माणूस थिएटरमध्ये? ऋजुताबाई, काही झालं तर तुमची नोंदणी जाईल, माझी खुर्ची जाईल."

"थरथर उजवीकडं आहे, सर. डावा हात शांत आहे."

डोईफोडे टेबलावर बोटं वाजवत राहिले. वाईट माणूस नव्हता तो, घाबरट होता. "आईबापांना सगळं खरंखरं सांगा," शेवटी ते म्हणाले. "काही लपवू नका. ती हो म्हणाली तर मी मध्ये येणार नाही."

सगळं खरंखरं सांगणं हेच अवघड होतं. ऋजुतानं खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि सांगितलं. गाठ कशी असते, चीर कशी देतात, दोन्ही वेळी ती कुठं कमी पडली. गौराक्का कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. महानंदा बसूच्या सलाइनच्या हातावर फुंकर घालत होती. ती ऐकतेय की नाही तेही कळत नव्हतं.

मग तिनं मान वर केली.

"म्हंजी माझं दूध चांगलं हाय?"

"चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलं होतं."

महानंदा सासूकडे वळली नाही. तिनं फक्त पदरानं डोळे पुसले, जोरात, दुखेल इतक्या जोरात. मग तिचा आवाज बदलला.

"मग दोनदा कमी कापलं ते कुनी?"

"यंत्रानं. माझ्या वडिलांच्या हातावरून शिकलेलं यंत्र आहे ते."

"आन् आता परत त्यास्नीच आनताय व्हय?"

"हो," ऋजुता म्हणाली. "जे यंत्रानं शिकायचं राहून गेलं, ते त्यांच्याकडंच आहे. दुसऱ्या कुणाला येत नाही. मलाही नाही."

महानंदानं नवऱ्याला फोन लावला. मल्लिनाथ कर्नाटकात ऊसतोडणीच्या यंत्रावर होता, मागं त्याची घरघर ऐकू येत होती. "तू म्हनशील तसं," तो म्हणाला. गौराक्कानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण या वॉर्डात महानंदाचा आवाज पहिल्यांदाच तिच्यावर चढला.

"आत्याबाई, तुमी गप बसा. कापू दे."

सकाळी चकती हिरवी झाली. भूल देणाऱ्या डॉ. शहाजहान मुल्लांनी बसूला झोपवलं. अण्णांनी हात धुतले. उजवा हात त्यांनी छातीशी पट्टीनं बांधून घेतला, हिरव्या झग्याच्या आतून, आणि ऋजुताच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांच्या श्वासाचा आवाज तिला मास्कमधून ऐकू येत होता. कोपऱ्यात हस्तक झाकून ठेवला होता.

बेंबीच्या वर तिनं अर्धगोल छेद दिला. आतले जुने व्रण एकमेकांना चिकटलेले होते, ते सोडवता सोडवताच तिच्या मानेवरून घाम उतरला. गाठ बाहेर आली. अण्णांचा डावा हात पुढं झाला आणि ती चिमटीत घेतली.

"जुन्या चिरेवर जाऊ नको. फिरवतो मी. ही बाजू कोरी आहे. इथं दे."

तिनं चीर दिली. स्नायू कराकरा फाकला. अस्तर वर आलं, पांढुरकं, चमकणारं. तिला हायसं वाटलं.

"झालं."

"नाही," अण्णा म्हणाले. "एकत्र हलतायत. जठराच्या बाजूला. अजून."

तिनं आणखी फाकवलं. अंगठा आणि तर्जनी पुढं-मागं झाली.

"नाही."

"अण्णा, अस्तर दिसतंय. आता केसभर जास्त गेलं तर..."

"मी धरलंय. खाली चार तंतू आहेत, लागतायत मला. जा."

ऋजुताचा हात जाईना. तिला महानंदाचा तो पुसून लाल झालेला चेहरा दिसत होता. तिला दिसत होतं फाटलेलं अस्तर. मुल्ला मॉनिटरवरून नजर काढून तिच्याकडे बघत होते.

"ऋजू," अण्णा हळूच म्हणाले, "तुला दिसत नाही, पण मला कळतंय. माझ्या बोटाच्या दिशेनं ये."

ती गेली. चिमट्याच्या टोकाला काहीतरी तटतट तुटलं, इतकं बारीक की ऐकू येण्यापेक्षा जाणवलंच जास्त. अण्णांची बोटं सरकली, आणि या वेळी दोन काठ दोन वेगळ्या माणसांसारखे वेगवेगळ्या दिशेला गेले.

"आता झालं."

मुल्लांनी नळीतून बसूच्या पोटात हवा सोडली. अस्तर कुठं फाटलं असलं तर तिथून बुडबुडा येईल, म्हणून सगळे त्या चिरेवर डोळे लावून वाकले. एकही बुडबुडा आला नाही. अण्णांनी गाठ आत सरकवली, हात बाहेर काढला, आणि मग मात्र त्यांना स्टूल द्यावं लागलं.

संध्याकाळी महानंदानं बसूला छातीशी घेतलं. वॉर्डातल्या नर्सा काहीतरी कामाचं निमित्त काढून आसपास घुटमळत होत्या. अण्णा खाटेच्या कडेला बसले होते, डावा हात बसूच्या पोटावर, पट्टीच्या जरा वर. जुन्या काळी सोनोग्राफी नसताना असंच बघायचे, पोराला पाजत ठेवून, पोटावर हात ठेवून, वाट बघत.

बसू प्यायला. थांबला, पुन्हा प्यायला. महानंदाची मान ताठ झाली होती, ती उलटीची वाट बघत होती. गौराक्कानं तर टॉवेल हातात धरूनच ठेवला होता. पोरानं ढेकर दिला. ओठाच्या कोपऱ्यातून थेंबभर दूध ओघळलं आणि तिथंच थांबलं. मग तो झोपला.

गौराक्कानं तो थेंब बोटानं पुसला. टॉवेल नीट घडी घालून ठेवला. सुनेकडे न बघता म्हणाली, "मघा तेवढं एकाच अंगाला पाजलंस. जागा झाला की दुसऱ्या अंगाला बी घे. नीट पिऊ दे त्येला."

महानंदा हसली आणि त्याच वेळी रडायलाही लागली, आणि दोन्ही लपवण्यासाठी तिनं तोंड बसूच्या टाळूत खुपसलं.

ऋजुता अण्णांच्या कानाशी वाकली. "दुपारी मी पाटणकरांना पटवलं. कंपनीनं सगळीकडं कळवलंय. उद्यापासून हस्तक बंद."

अण्णांनी नुसती मान हलवली. हात पोटावरच होता.

"पाटणकर म्हणतात, नवा पातळ मोजा करतोय. तुमच्या डाव्या हातासाठी. दोन महिने लागतील म्हणे, मग पुन्हा शिकवू यंत्राला. तोवर आपणच..."

ती बोलायची थांबली. बसूचं पोट श्वासाबरोबर संथ वर-खाली होत होतं. अण्णांची बोटं त्याबरोबर वर-खाली होत होती. अंगठा मात्र त्या तालात नव्हता. तो वेगळाच हलत होता, बारीक, भराभर. थांबला, पुन्हा सुरू झाला. ही थरथर ऋजुता रोज पंच्याखाली बघत आली होती.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. "दिसलं?"

"कधीपासून?"

"दोन-तीन आठवडे. काम करताना थांबतो. अजून तरी."

"आणि तुम्ही काल बोलला नाहीत? सकाळी तुम्ही हा हात घेऊन आत..."

"बोललो असतो तर तू मला आत घेतलं असतंस?"

तिला ओरडायचं होतं. पण पोर झोपलं होतं, आणि त्याची आई समोर बसली होती, आणि उत्तर 'नाही' असं होतं.

"दोन महिने मोज्याची वाट बघत बसायला मला वेळ नाही, ऋजू. त्या यंत्राला शिकवायचं तेव्हा शिकवा. आधी माणसांना शिकवू." अण्णा घाईघाईनं बोलत होते, इतक्या घाईनं बोलताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "कोल्हापूर, सोलापूर, लातूर, जिथं जिथं कुणी शिकणारं आहे त्याला उद्याच बोलाव. एकेकाचा हात धरून शिकवतो. पण आधी तू. गाठ अजून काही दिवस लागते हाताला, आणि पोर पिताना ती कशी सैल पडते ते इथंच कळतं. जागं झालं की ते पुन्हा पिईल. ये, बस इथं."

त्यांनी बसूच्या पोटावरून आपला हात अर्धा उचलला आणि खाली तिच्यासाठी जागा केली. तिनं उजवा हात पुढं केला.

"तो नको. डावा."

ऋजुतानं डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि हात त्यांच्या हाताखाली सरकवला.